रेघ नको, अक्षरी लिही

मोहेंजोदडोची ती जगप्रसिद्ध मुलगी साडेदहा सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे धड अर्धी वीतसुद्धा नाही. शाळेच्या पुस्तकात तिचं चित्र मोठं असायचं, त्यामुळे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात, हडप्पा दालनात तिच्यासमोर उभं राहिलं की आपल्याकडची माणसं हमखास एकच शब्द बोलतात: "एवढीच?"

मागच्या खेपेला माझ्या शेजारी नगरकडचं एक कुटुंब उभं होतं. आईने "एवढीच होय?" म्हणून घेतलं. सात-आठ वर्षांचा मुलगा मात्र काचेला नाक लावून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "पप्पा, ही नाचतीय कुठं? ही तर नुसती उभीय." वडिलांनी पाटीकडे बोट दाखवलं. "लिहिलंय ना तिथं, डान्सिंग गर्ल."

मुलाचं बरोबर होतं. ती उभी आहे. उजवा हात कमरेवर, डाव्या हातात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्या, हनुवटी किंचित वर. 1926 साली ती उत्खननात सापडली तेव्हाच्या साहेबलोकांना तिच्यात नाचणारी दिसली आणि त्यांनी तसं लिहून टाकलं. ती नाचत होती याला दुसरा पुरावा नाही. पण पाटी लागली ती लागली. आता शंभर वर्षं होत आली, साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही मुलगी आपल्यासाठी नाचतेच आहे. मे 2023 मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय संग्रहालय प्रदर्शन भरलं, तेव्हा तिच्यावर बेतलेली एक मोठी बाहुली शुभंकर म्हणून उभी केली होती. अंगभर कपडे घातलेली, गुलाबी-गोऱ्या रंगाची. त्यावरून पुष्कळ वाद झाला.

त्याच समारंभात, 18 मे 2023 रोजी, पंतप्रधानांनी एका नव्या राष्ट्रीय संग्रहालयाची संगणकीय झलक दाखवली. नाव 'युगे युगीन भारत'. (युगं म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी वीट येते, पण ते असो.) रायसीना टेकडीवरच्या नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या दोन इमारती सरकारी कार्यालयांपासून मोकळ्या करून तिथे हे संग्रहालय होणार आहे. जागा 1 लाख 17 हजार चौरस मीटर, खोल्या 950, काळ पाच हजार वर्षांचा. जगातलं सगळ्यात मोठं संग्रहालय, असं तेव्हापासून सांगितलं जातंय. डिसेंबर 2024 मध्ये फ्रान्स म्युझियम्स या फ्रेंच संस्थेशी करारही झाला, अबू धाबीच्या लूव्रच्या उभारणीत होती तीच ही संस्था.

मी या कल्पनेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. जनपथावरच्या सध्याच्या इमारतीवर माझा जीव आहे. गणेश बिकाजी देवळालीकर या मराठी माणसाने ती आखली, सर्वोच्च न्यायालयाची इमारत आखणारे तेच. गोल चौक, भोवती फिरत जाणारे व्हरांडे, दारात अशोकाच्या गिरनारच्या शिलालेखाची प्रतिकृती. पण दोन लाखांच्या वर वस्तू असलेल्या संग्रहालयाला ती कधीच अपुरी पडली होती. बहुतेक वस्तू कोठारातच असतात. आणि ज्या खोल्यांत जायला एरवी पास, ओळख आणि सुरक्षारक्षकाची मर्जी लागायची, तिथे उद्या शाळेच्या सहलीतली पोरं डबे घेऊन शिरणार असतील तर कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. पॅरिसमध्ये असंच झालं. लूव्रच्या एका अख्ख्या बाजूत अर्थमंत्रालय ठाण मांडून बसलं होतं. ते 1989 साली हललं आणि 1993 मध्ये ती बाजू संग्रहालयाला मिळाली. अर्थमंत्रालय नॉर्थ ब्लॉकमध्येही होतंच. योगायोग गमतीचा आहे.

माझं म्हणणं खोल्यांबद्दल नाहीच. संग्रहालय म्हणजे वस्तू, वस्तूची नोंद आणि तिच्यासमोरची पाटी. इमारत त्यानंतर येते. आणि पाटीच्या बाबतीत आपण फार कच्चे आहोत. साडेनऊशे खोल्यांत एक खोलीदेखील अशी नसेल जिथे पाटीवर 'हे आम्हाला नक्की माहीत नाही' किंवा 'ही वस्तू आमच्याकडे अशी आली' असं लिहिलेलं असेल, तर ते संग्रहालय नाही, मोठा देखावा आहे. देखावे आपल्याकडे गणपतीत उत्तम होतात, आणि दहा दिवसांनी उतरवताही येतात.

'ही वस्तू आमच्याकडे कशी आली' हा प्रश्न राष्ट्रीय संग्रहालयाने स्वतःला विचारला तर पहिलं उत्तरच अवघड आहे. 1947-48च्या हिवाळ्यात लंडनला बर्लिंग्टन हाउसमध्ये भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यासाठी देशभरातल्या संग्रहालयांनी आणि संस्थानांनी आपापल्या उत्तमोत्तम वस्तू दिल्या. त्या परत आल्या तेव्हा देश स्वतंत्र झाला होता. आपल्या लोकांनाही हे पाहायला मिळावं म्हणून त्या दिल्लीत गव्हर्न्मेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, मांडल्या. आणि मग असं ठरलं की हा एवढा ठेवा एकत्र जमलाच आहे तर पुन्हा पांगवायचा कशाला? 15 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिथेच राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. जनपथावरची इमारत 1960 मध्ये उघडली.

लग्नासाठी उसने आणलेले दागिने लग्न पार पडल्यावर घरोघरी परत करायचे असतात. इथे लग्नघराने ठेवून घेतले. कारण उदात्त होतं, हे मी मान्य करतो. पण काही देणारे नाराज झाले होते. चंपारणातल्या रामपूर्व्याचा अशोकस्तंभावरचा बैल कलकत्त्याच्या संग्रहालयातून तेव्हा आला तो आजही राष्ट्रपती भवनात उभा आहे. त्याच्या जोडीचा सिंह कलकत्त्यातच राहिला. ही हकिगत कुठल्याही गौरवगाथेपेक्षा जास्त राष्ट्रीय आहे असं मला वाटतं. नवं राष्ट्र स्वतःची मालमत्ता कशी गोळा करतं, कुणाकडून घेतं, कुणाला न विचारता घेतं, हे तिच्यात सगळं आहे. नव्या संग्रहालयाची पहिली खोली याच गोष्टीची असावी.

राजधानीने गावाकडून घ्यायचं, हा प्रकार काही आपलाच नाही. मेक्सिको सिटीत 1964 मध्ये राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय बांधलं, जगातल्या फार चांगल्या संग्रहालयांपैकी एक. दारात उभी करायला त्यांना त्लालोक या पर्जन्यदेवाची एकसंध दगडाची मूर्ती हवी होती. दीडशे टनांहून जड. ती कोआत्लिंचान गावाजवळच्या ओढ्यात पडलेली होती. गावकऱ्यांनी विरोध केला, वाहून न्यायला आणलेल्या गाडीची मोडतोड केली, शेवटी सैन्य बोलवावं लागलं. मूर्ती राजधानीत पोचली त्या रात्री, पावसाळा नसताना, धो धो पाऊस पडला. मेक्सिकोतले लोक हा पाऊस अजून सांगतात. आपल्याकडेही गावातून देव हलवला तर पाऊस कसा वागेल याबद्दल लोकांना खात्री असते, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

तर गाव, वाद, गाडीची मोडतोड, पाऊस, हे सगळं पाटीवर यावं. ते लिहिल्याने मूर्ती लहान होत नाही.

आपल्याकडे याहून मोठी गोष्ट एका काचेच्या पेटीत मावते. फाळणीत जमीन, पैसा, सैन्य, टंकलेखन यंत्रं वाटली गेली, हे आपण वाचलेलं असतं. सिंधू संस्कृतीच्या वस्तूही वाटल्या गेल्या. ही मुलगी आपल्याकडे आली, आणि दाढीवाला, खांद्यावर तीन पानांच्या नक्षीची शाल घेतलेला 'राजपुरोहित' पाकिस्तानला गेला. (त्याचीही पाटी अशीच. तो राजा होता की पुरोहित की दोन्ही नव्हता, कुणालाच ठाऊक नाही.) पण मोहेंजोदडोची एक मौल्यवान मण्यांची माळ होती, तिचं काय करायचं? ती ओवलेली होती. ती तोडली आणि मणी निम्मे निम्मे केले. एक अर्धी माळ दिल्लीत, एक पाकिस्तानात. साडेचार हजार वर्षं मातीखाली टिकलेली गोष्ट दोन बाबूंच्या टेबलावर तुटली. फाळणीवर कितीही दालनं उभारा, दृकश्राव्य खेळ करा, या अर्ध्या माळेइतकं बोलणारं काही तुमच्याकडे नाही. तिच्यासमोर चार ओळी नीट लिहा आणि बाजूला उरलेल्या अर्ध्याएवढी जागा रिकामी सोडा. एवढंच. खर्च काहीच नाही.

आता आपल्या घरचं उदाहरण घेतो, कारण दिल्लीला उपदेश करणं सोपं असतं.

जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आणि आधी साताऱ्याला. ती जेम्स ग्रँट डफकडे होती. 1818 नंतर साताऱ्याला कंपनी सरकारचा रेसिडेंट असलेला, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा हाच तो ग्रँट डफ. त्या वाघनखांची एक पेटी आहे आणि पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे: शिवाजीने ज्यांनी मोगल सेनापतीला मारलं ती वाघनखं, ग्रँट डफ यांना पेशव्यांच्या प्रधानाने दिली. मोगल सेनापती! अफजलखान आदिलशाहीचा सरदार, हे आपल्याकडे चौथीतलं पोरगं सांगेल. म्हणजे जी पेटी या वस्तूची साक्षीदार, तिची साक्ष पहिल्याच वाक्यात घसरते. खुद्द लंडनच्या संग्रहालयाने आपल्या नोंदीत स्वच्छ लिहून ठेवलंय की ही तीच वाघनखं असल्याची खात्री करता येत नाही.

आपण काय केलं? मिरवणूक काढली, भाषणं केली. ज्या अभ्यासकांनी 'खात्री नाही' म्हटलं त्यांच्या निष्ठेबद्दल प्रश्न विचारले. मला हे खरोखर कळत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 रोजी जे घडलं ते या चार पोलादी नखांवर अवलंबून नाही. भेटीची जागा निवडणं, जावळीच्या जंगलात खानाच्या फौजेला ओढून आणणं, भेट होताच तोफेच्या इशाऱ्यावर फौजा सुटणं, ही सगळी तयारी एका हत्याराहून कितीतरी मोठी आहे. वस्तू तीच नसेल तर महाराजांचं काय कमी होतं? कमी होतं ते फक्त उद्घाटनाचं वजन. उलट ती पेटी, तिच्यावरची चूक, ग्रँट डफच्या घराण्यातून तिचा झालेला प्रवास, हे सगळं पाटीवर मांडलं असतं तर साताऱ्याच्या शाळेतल्या मुलांना इतिहास कसा तपासायचा याचा असा धडा मिळाला असता जो कुठल्याही वर्गात मिळत नाही. मोगल सेनापतीपाशी अडखळून ती हसली असती आणि मग त्यांना पुढचा प्रश्न पडला असता.

यावर नेहमीचा आक्षेप असा की संग्रहालयात लोक शंका घ्यायला येत नाहीत, अभिमान वाटून घ्यायला येतात. गावाकडून तीस तास प्रवास करून आलेल्या माणसाला 'माहीत नाही'ची पाटी काय कामाची? हा आक्षेप मी हलका समजत नाही. राष्ट्रीय संग्रहालयातच बुद्धाच्या अस्थींचं दालन आहे. पिप्रहवा इथल्या उत्खननात मिळालेले अवशेष, त्यावर थायलंडहून आलेला सोनेरी कोरीव मंडप. तिथे मी थायलंडच्या बायकांना चपला काढून फरशीवर बसलेलं आणि हात जोडलेलं पाहिलंय. त्यांच्यापुरतं ते संग्रहालय नव्हतं, आणि पहारेकऱ्यालाही ते समजत होतं. तो बाजूला सरकून उभा राहिला. श्रद्धेला जागा असतेच. पण अस्थी कुठे सापडल्या, कुणी खणलं, पात्रावर काय कोरलं होतं, हे बाजूला लिहिलेलं असल्यामुळे त्यांचे जोडलेले हात सुटले नव्हते. श्रद्धा आपण समजतो त्यापेक्षा दणकट असते. चिरडीला येतात ते मधले दलाल.

नव्या संग्रहालयाच्या सुरुवातीला जाहीर झालेल्या आराखड्यात आठ भाग होते. प्राचीन ज्ञान, मध्ययुग, वसाहतींची राजवट, स्वातंत्र्यलढा वगैरे, आणि शेवटचा भाग 1947पासूनची शंभर वर्षं. म्हणजे 2047पर्यंत. जी वर्षं अजून आलीच नाहीत त्यांची वस्तू कोणती ठेवणार आणि नोंद कोण करणार? इतिहासाच्या घरात भविष्याला खोली देणं हे कल्पक असेल, पण मग तिथे इतिहासकार नको, जाहिरात संस्था पुरे. दुसरं म्हणजे 1947 हे कुंपण सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. मराठवाड्यातल्या माणसाचा लढा 17 सप्टेंबर 1948ला संपला. गोव्यातल्या माणसाचा 19 डिसेंबर 1961ला. त्याआधी 1955 साली गोव्याच्या हद्दीत सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांत महाराष्ट्रातून गेलेली माणसं होती. स्वातंत्र्याच्या आठ वर्षांनंतर स्वातंत्र्यासाठी मेलेल्या माणसाला या आराखड्यात कोणत्या खोलीत ठेवायचं? हा प्रश्न पणजीहून किंवा औरंगाबादहून, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात तिथून, विचारला जाईल. दिल्लीत बसून तो सुचत नाही. राजधानीतल्या राष्ट्रीय इतिहासाचा हा जुना दोष आहे, त्याला एकाच पक्षाला जबाबदार धरता येणार नाही.

आणि नॉर्थ ब्लॉकची भिंत? हर्बर्ट बेकरने बांधलेल्या त्या इमारतीच्या प्रवेशकमानीवर इंग्रजीत कोरलंय की स्वातंत्र्य लोकांच्या ओंजळीत वरून पडत नसतं, लोकांनी स्वतःला त्याच्या उंचीवर न्यायचं असतं, ते उपभोगण्याआधी कमवावं लागतं. गुलाम ठेवलेल्या देशाच्या डोक्यावर बसून हे सांगायचं, यापेक्षा अस्सल साम्राज्यवादी वस्तू अख्ख्या संग्रहात सापडणार नाही. माझी भीती अशी की ती एक दिवस गुळगुळीत केली जाईल. नाहीतर तशीच सोडतील आणि कुणी वर बघणार नाही. तिच्याखाली एक पाटी लावा. कुणी कोरलं, कधी कोरलं, तेव्हा तुरुंगात कोण होतं.

हे सगळं कोण लिहिणार, हा शेवटी पगाराचा प्रश्न आहे. दोन लाख वस्तू हलवायच्या म्हणजे प्रत्येकीचा फोटो, मोजमाप, तडा कुठे आहे याची नोंद, क्रमांक जुळवणं, बांधणं, पुन्हा सोडणं, पुन्हा जुळवणं. देशाच्या महालेखापरीक्षकांनी 2013च्या अहवालात आपल्या पुरातन वस्तूंच्या नोंदी आणि मोजदादीतल्या त्रुटींवर बोट ठेवलं होतं. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी संगणकप्रणाली केली, तिचं नावच 'जतन'. छान नाव आहे. पण प्रणालीत माहिती भरायला ब्राह्मी वाचणारा, नाणी ओळखणारा, लघुचित्राच्या कागदाला वाळवी लागलीय की बुरशी हे वासावरून सांगणारा माणूस लागतो. तो कंत्राटावर सहा महिन्यांसाठी येत नाही. एप्रिल 2016 मध्ये दिल्लीतलंच राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय एका रात्रीत जळालं. 2018 मध्ये रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. अशा वेळी वस्तू गेली तरी नोंद उरते, ती केलेली असेल तर.

मी विशीत असताना एका जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या संग्रहालयात एक उन्हाळा नोंदवही उतरवून काढायचं काम केलं होतं. जुनी वही वाळवीने खाल्ली होती. अंगणात चिंचेखाली सात-आठ वीरगळी ओळीने टेकवलेल्या. त्यातल्या एकीवर खालच्या चौकटीत गाई, मधे ढाल-तलवार घेतलेला माणूस, वर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या. गोधन वाचवताना पडलेला वीर. जुन्या वहीत फक्त 'दगड, कोरीव, शेतातून' एवढंच. कोणाच्या शेतातून, कोणत्या गावच्या, काही नाही. नव्या वहीत 'प्राप्तिस्थान' असा रकाना होता. मी त्यात एक आडवी रेघ मारायला घेतली.

तिथले एक वयस्क कारकून होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी माझा हात धरला. "रेघ नको," म्हणाले. "रेघेवर उद्या कोणी पण काही पण लिहील. आमदार येईल, म्हणेल आमच्या गावचा वीर. अक्षरी लिही. 'माहीत नाही' असं लिही, खाली तारीख टाक आणि तुझी सही कर."

मी लिहिलं. मग त्यांनी वही स्वतःकडे ओढली, चष्मा वर केला, आणि 'माहीत नाही'च्या पुढे बारीक अक्षरात भर घातली: 'दगड काळा, बारीक कणांचा. नदीकाठच्या खाणीत असा मिळतो. शोध घ्यावा.'